अपघातानंतर घरी आल्यावर: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

ऑपरेशन नीट होतं, एक्स-रेमध्ये रॉड सरळ दिसतो, घरी सोडतात. आणि तिसऱ्या महिन्यात तोच माणूस लंगडत येतो. गुडघा अर्धाच वाकतो, पाय टेकवायची भीती बसलेली असते. अशा लोकांशी बोलायला बसलं की कळतं, बहुतेकांचं गणित घरी आल्यावरच्या पहिल्या सहा आठवड्यांत चुकलेलं असतं, आणि चूक बहुधा क्रमाची असते. माझी डावी नडगी मोडली तेव्हा मीही तेच केलं. घोटा हलवायच्या दिवसांत तो उशीवर जपून ठेवला, आणि पाय जपायच्या दिवसांत "बघू तरी जमतंय का" म्हणून टेकवला.

पुढचं सगळं हातापायाचं हाड मोडलेल्या, मुका मार लागलेल्या किंवा डोक्याला हलका मार बसलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे. मणक्याची दुखापत, मेंदूचं ऑपरेशन आणि लहान मुलं यांचे नियम वेगळे आहेत. आणि तुमच्या डॉक्टरांनी तुमचं हाड बघून काही वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचंच ऐका.

## टप्पा १: डिस्चार्जच्या आधी पाच उत्तरं लिहून घ्या

सोडायच्या दिवशी सगळी गडबड असते. रुग्ण औषधांनी गुंगलेला, नातेवाईक कागदपत्रांच्या मागे, आणि सूचना देणारा माणूस दोन मिनिटांत बोलून पुढच्या खाटेकडे वळतो. घरी पोचेपर्यंत त्यातलं निम्मं उडून जातं. म्हणून हे प्रश्न आदल्या दिवशीच विचारा, आणि उत्तरं ऐकायला रुग्णाखेरीज आणखी एक जण वही घेऊन शेजारी असू द्या.

१. या पायावर किती वजन टाकायचं, आणि किती तारखेपर्यंत?
२. कोणते सांधे आजपासून हलवायचे, कोणते अजिबात नाही?
३. कोणतं औषध संपेपर्यंत घ्यायचं, कोणतं फक्त दुखलं तर?
४. ड्रेसिंग कधी बदलायचं, टाके कधी काढायचे, जखमेला पाणी कधी लागलं तर चालेल?
५. रात्री दोन वाजता काही बिघडलं तर फोन कुणाला करायचा आणि जायचं कुठे?

पहिल्या प्रश्नाचं "जरा जपून चाला" हे उत्तर घेऊ नका. त्याचे ठरलेले प्रकार असतात: पाय अधांतरी ठेवायचा, नुसती बोटं टेकवायची, अर्धवट वजन टाकायचं, सोसेल तेवढं टाकायचं, किंवा पूर्ण. यांतला नेमका कोणता, हे वहीत आलं पाहिजे. अर्धवट असेल तर किती किलो, तेही. हाताचं हाड मोडलं असेल तर प्रश्न तोच, फक्त शब्द बदलतात: किती उचलायचं, आणि त्या हातावर रेलून उठायचं की नाही.

कागदांत डिस्चार्ज कार्ड सगळेच घेतात. एक्स-रेचा नुसता रिपोर्ट नको, चित्रंही घ्या. आत रॉड, प्लेट किंवा स्क्रू बसवले असतील तर त्यांच्या वेष्टनावरचे स्टिकर किंवा त्यांची नोंद मागून ठेवा. पुढे काही वर्षांनी ते काढायची वेळ आली, तर कोणत्या बनावटीचं सामान आहे यावर कोणती हत्यारं लागतील हे ठरतं. ती नोंद नसली की डॉक्टरांना अंदाजाने तयारी करावी लागते.

तपासा: सूचना ऐकून झाल्यावर "मी सांगतो, बरोबर आहे का बघा" म्हणून स्वतःच्या शब्दांत परत सांगा. जिथे अडखळाल, तिथेच घरी गेल्यावर घोळ होणार आहे.

## टप्पा २: रुग्ण येण्याआधी घर लावून घ्या

हे काम रुग्ण दारात उभा असताना करायचं नसतं. आदल्या दिवशी घरातल्या धडधाकट माणसाने एक पाय उचलून, भिंतीचा आधार घेत, पलंगापासून संडासापर्यंत जाऊन बघावं. हसायला येईल, पण घरातले सगळे धोके त्या पाच मिनिटांत कळतात. कुठे पायपुसणं सरकतं, कुठे उंबरठा आडवा येतो, कुठे धरायला काहीच नाही आणि कुठे दिव्याचं बटण हाताला लागत नाही.

- पलंग इतका उंच हवा की कडेला बसल्यावर पाऊल जमिनीवर सपाट टेकेल आणि गुडघा काटकोनात राहील. फार बुटक्या पलंगावरून एका पायावर उठता येत नाही.
- वाटेतल्या सतरंज्या, वायरी आणि छोटी स्टुलं उचला. फरशी ओली राहत असेल तर ती कोरडी ठेवायचं काम एकाच माणसाकडे द्या.
- आंघोळीसाठी न घसरणारी, पक्की खुर्ची ठेवा. संडासात उठताना धरायला काहीतरी मजबूत हवं. टॉवेलची दांडी किंवा नळ म्हणजे आधार नव्हे.
- रात्री रस्ता दिसेल असा मंद दिवा ठेवा.
- गळ्यात अडकवायची एक पिशवी द्या. कुबड्यांवर दोन्ही हात अडकतात, त्यामुळे पाण्याची बाटलीसुद्धा इकडून तिकडे नेता येत नाही, आणि मग माणूस एक कुबडी भिंतीला टेकवून उड्या मारत निघतो. घरातली पडझड बहुधा अशीच होते.

## टप्पा ३: पहिला आठवडा

या आठवड्याचं मुख्य काम सूज उतरवणं. पाय उंच ठेवा म्हणजे स्टुलावर ठेवा असं नव्हे. तो छातीच्या पातळीच्या वर हवा, म्हणजे आडवं पडून, पोटरीखाली उशा रचून. खुर्चीत बसून समोरच्या खुर्चीवर पाय ठेवला तर तो छातीच्या खालीच राहतो. उशी पोटरीला आधार देईल आणि टाच मोकळी राहील अशी लावा. टाचेवर भार राहिला की दोन-तीन दिवसांत तिथली कातडी लाल होते, आणि मग मोडलेल्या हाडापेक्षा त्या जखमेचाच ताप होतो. नुसती गुडघ्याखाली उशी ठेवून दिवसभर झोपू नका. आराम वाटतो खरा, पण गुडघा वाकलेलाच आखडतो.

जागे असताना दर तासाला प्लास्टरबाहेरची बोटं पूर्ण उघडा आणि मिटा, निदान दहा वेळा. घोटा मोकळा असेल आणि परवानगी असेल तर पाऊल वर-खाली करा. यात पोटरी आवळते आणि सुटते, रक्त वर ढकललं जातं. पायात गुठळी होऊ नये म्हणून हे गरजेचं आहे. रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं किंवा गोळ्या दिल्या असतील तर "आता चालतोय ना" म्हणून मनाने बंद करू नका.

बरगड्या मोडल्या असतील तर छाती पट्ट्याने आवळून बांधू नका. दुखणं थोडं कमी होतं, पण श्वास उथळ होतो, कफ साठतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं, आणि दर तासाला दहा खोल श्वास घ्यायचे. सहा आठवडे तरी शिंक आली की घाबरायला होतं, तेवढं गृहीत धरा.

मान धरली असेल तर? मागून धडक बसलेल्यांची मान बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी दुखायला लागते. तपासणीत हाडाला काही नाही असं ठरलं असेल, तर कॉलर घालून आठवडेच्या आठवडे बसू नका. मान सोसेल तितकी हळूहळू वळवत राहणं बरं.

थांबा, वाट न बघता दवाखाना गाठा:

- औषध घेऊनही वेदना तासागणिक वाढतेय, बोटं दुसऱ्याने हलकेच ताणली तरी असह्य कळ येते, पोटरी किंवा हात दगडासारखा टणक लागतोय, मुंग्या किंवा बधिरपणा येतोय. आत दाब वाढून स्नायू गुदमरत असल्याची ही खूण असते. हातात काही तासच असतात. पाय आणखी उंच करत बसू नका, पट्टी आवळलेली असेल तर सैल करा आणि निघा.
- बोटं निळी, पांढरी किंवा गार पडली आहेत.
- एकाच पोटरीला नवी सूज आणि दुखणं आहे. ती चोळू नका. सोबत धाप लागली, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं तर रुग्णवाहिकाच बोलवा.
- पोटावर सीटबेल्टचा वळ आहे आणि पोटदुखी वाढतेय, चक्कर येतेय किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखतंय. पोटातला रक्तस्राव काही वेळा काही दिवसांनी डोकं वर काढतो.
- ताप, जखमेतून पू किंवा घाण वास, आणि भोवतालची लाली रोज पसरतेय. ती पसरतेय की नाही हे कळायला तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवा.

प्लास्टरच्या आत खाज सुटते. फार सुटते. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या काकांनी विणायची सुई घातली, आणि प्लास्टर कापलं तेव्हा आत बोटभर लांबीची चिघळलेली जखम निघाली. काहीही आत घालू नका, पावडरही नाही. वरून टिचक्या मारा किंवा हेअर ड्रायरची थंड हवा सोडा. गरम नको.

## टप्पा ४: दुखण्याची औषधं

इथे दोन उलट्या चुका दिसतात. एक, "गोळ्यांची सवय लागेल" म्हणून दात-ओठ खाऊन सहन करणं. मग माणूस खोल श्वास घेत नाही, सांधा हलवत नाही, झोपत नाही, आणि सगळंच लांबतं. दोन, तिन्ही डॉक्टरांच्या तिन्ही चिठ्ठ्यांवरच्या गोळ्या एकदम घेणं.

दुसरी चूक जास्त घातक. पॅरासिटामॉल निरनिराळ्या नावांच्या मिश्र गोळ्यांत दडलेलं असतं. सर्दीच्या गोळीतही असतं. धडधाकट मोठ्या माणसासाठी २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. प्रत्येक पाकिटामागचं बारीक अक्षरातलं घटकांचं नाव वाचा आणि बेरीज करा.

पहिल्या आठवड्यात व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी गोळी घ्या. कळ शिखरावर पोचल्यावर घेतलेली गोळी उशिरा लागू पडते, तोवर व्यायामाची वेळ निघून जाते. कडक वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो. ते सांगायला लोक लाजतात आणि चार-पाच दिवस कुथत बसतात. त्याचं औषध पहिल्या दिवसापासून मागा.

आणि सिगारेट किंवा तंबाखू. दुखण्यात वेळ जात नाही म्हणून ती वाढते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. सोडायची असेल तर हीच वेळ.

## टप्पा ५: कुबड्या आधी मापाच्या करा, मग चाला

कुणाच्या तरी घरातून आलेल्या कुबड्या तशाच वापरणं ही सर्रास दिसणारी चूक. माप असं घ्या:

१. सरळ उभे राहा, घरात घालायचं पादत्राण घालून.
२. काखेची गादी आणि काख यांत दोन-तीन बोटं आडवी मावली पाहिजेत.
३. हात सैल सोडल्यावर कुबडीची मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. मूठ धरली की कोपर किंचित वाकतं.
४. खालचे रबर झिजलेले असतील तर चालायच्या आधी बदला.

भार तळहातांवर घ्यायचा. काखेत लटकून चाललात तर तिथली नस दबते आणि मनगट उचलता येईनासं होतं. पायासाठी आणलेल्या कुबडीने हात गमावायचा, असला व्यवहार होतो.

जिना: चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. पाठ होईपर्यंत जिन्याजवळ लिहून चिकटवा. सोबतच्या माणसाने चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे नेहमी एक पायरी खाली उभं राहावं.

पुढे एका काठीवर आलात की काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. नव्वद टक्के लोक ती दुखऱ्या बाजूला धरतात असं म्हणायचा मोह होतो. मोजलेलं नाही, पण मी बघतो त्यांतले बहुतेक जण तसंच करतात.

## टप्पा ६: वजन टाकणं

अर्धवट वजन म्हणजे किती, हे पायाला आपोआप कळत नाही. "वीस किलो टाका" असं मला सांगितलं तेव्हा मी मान डोलावली आणि घरी येऊन अंदाजाने चाललो. दहा दिवसांनी फिजिओथेरपिस्टने वजनकाट्यावर पाय ठेवायला लावला. काटा अडतीसवर गेला, आणि मला तर तो पाय नुसता टेकवल्यासारखा वाटत होता.

तेव्हा हे करा:

१. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा. शेजारी काट्याच्याच उंचीची फळी किंवा जाड पुस्तक ठेवा आणि चांगला पाय त्यावर.
२. दोन्ही कुबड्या धरून, सोबत कुणी असताना, दुखरा पाय काट्यावर ठेवा.
३. सांगितलेल्या आकड्यापर्यंत हळूहळू दाबा आणि पाच सेकंद थांबा. तळपायाला कसं वाटतं ते ध्यानात घ्या.
४. काट्याकडे न बघता पुन्हा दाबा, मग बघा. आकडा सलग पाच वेळा जवळपास येईपर्यंत चालायला निघू नका.
५. चालून आल्यावर पुन्हा एकदा काट्यावर तपासा. थकल्यावर माणूस नकळत जास्त भार टाकतो.

आता सगळ्यांत मोठा गैरसमज. दुखणं थांबलं की लोक हाड जुळलं असं धरतात. आत रॉड किंवा प्लेट असली की दोन-तीन आठवड्यांत दुखणं बरंच उतरतं, कारण तुकडे हलायचे थांबलेले असतात. त्या वेळी तिथे फक्त मऊ जोड आलेला असतो. मनगटाला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, नडगीला ३ ते ४ महिने, मांडीच्या हाडाला ३ ते ६ महिने. हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल तर आणखी. मधल्या काळात सगळा भार धातूवर असतो, आणि धातू पुन्हापुन्हा वाकवला की तुटतो. काही रॉड अशा पद्धतीने बसवलेले असतात की पहिल्या दिवसापासून वजन चालतं, त्यामुळे शेजारच्या खाटेवरचा चालायला लागला म्हणून तुम्ही लागू नका. हाड तेच असलं तरी मोड वेगळी असते.

याची दुसरी बाजूही खरी आहे. परवानगी मिळूनही भीतीने पाय न टेकवणारे तितकेच असतात. हाडाला भार मिळाला की ते बळकट होतं. परवानगीनंतर आठवडाभर पाय अधांतरीच असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना सांगण्याजोगी आहे.

तपासा: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पातळीला आलं, तर मात्रा बरोबर आहे. सकाळीही जास्तच असेल तर काल जास्त झालं, आज निम्मं करा. मोडीच्या जागी नवी, टोचणारी कळ आली किंवा काही "कट्" झाल्यासारखं वाटलं तर वजन टाकणं थांबवून एक्स-रे.

## टप्पा ७: आखडलेले सांधे

प्लास्टर निघतं त्या दिवशी बहुतेकांना धक्का बसतो. पाय बारीक, केसाळ, कातडी खवल्यांसारखी, आणि खाली सोडला की जांभळा पडतो. पाय वर घेतल्यावर रंग निवळत असेल तर घाबरू नका, रक्तवाहिन्यांची सवय गेलेली असते. कातडी खरवडू नका, कोमट पाण्यात भिजवून आपोआप सुटू द्या. संध्याकाळी घोट्याला सूज येणं कित्येक महिने चालतं.

सांध्याचा व्यायाम दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं करा. आधी स्वतःच्या ताकदीने हलवा, मग टॉवेल किंवा दुसऱ्या पायाच्या मदतीने थोडं पुढे न्या आणि तिथे अर्धा मिनिट थांबा. दुसऱ्या कुणी बसकण मारून गुडघा दाबून वाकवायचा नाही. त्याने आत रक्त साकळतं आणि सांधा आणखी आखडतो. मोडलेल्या जागेवर जोरात मालिशही नको.

मोजमाप ठेवा, नाहीतर सुधारणा दिसत नाही आणि माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतो. गुडघ्यासाठी सोपं माप आहे. पाठीवर झोपून टाच पार्श्वभागाकडे सरकवा, दोहोंमधलं अंतर मोजपट्टीने घ्या आणि तारखेसह लिहा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी ४१ सेंटीमीटर होते. सहा दिवस आकडा तसाच, सातव्या दिवशी ३९. त्या दोन सेंटीमीटरनी पुढचे दोन महिने व्यायाम करून घेतला.

थांबा: मनगट किंवा पाऊल दुखापतीच्या मानाने फारच दुखतंय, नुसता कपडा लागला तरी आग होतेय, कातडीचा रंग आणि तापमान बदलतंय, घाम फुटतोय, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. नसांशी संबंधित हा त्रास लवकर पकडला तर आटोक्यात येतो.

## टप्पा ८: फॉलोअपला काय बोलायचं

आत गेल्यावर "कसं वाटतंय?" या प्रश्नाला आपण सवयीने "बरं आहे" म्हणतो आणि भेट संपते. घरूनच तीन गोष्टी लिहून न्या: काय करता येत नाही (नुसतं "दुखतं" नको, "रात्री कुशीवर वळता येत नाही" असं), काय बदललं, आणि या भेटीत ठरायला हवी अशी एक गोष्ट. ती बहुधा वजनाची किंवा कामावर जायची असते.

हाडाचे, जखमेचे आणि फिजिओथेरपीचे लोक वेगवेगळं सांगतात ही तक्रार फार ऐकू येते, आणि खोटी नसते. त्यावर एकच इलाज चाललेला पाहिला आहे. सगळ्यांना एकच वही दाखवायची आणि "या आधीच्या पानावर असं लिहिलंय" म्हणायचं. वजन आणि सांधा याबद्दल ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांचा शब्द शेवटचा.

## डोक्याला मार लागला असेल तर

हा टप्पा क्रमात बसत नाही, बाकी सगळ्यांच्या बरोबरीने चालतो. स्कॅन स्वच्छ आला म्हणजे काहीच झालं नाही असं नसतं. मेंदू हलून बसलेला धक्का स्कॅनमध्ये दिसत नाही. पहिले २४ ते ४८ तास निवांत, फोन आणि टीव्ही कमीत कमी. त्यानंतर अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं नाही. थोडं चालणं, थोडं वाचणं, लक्षणं वाढली की एक पायरी मागे. डोकेदुखी, विसराळूपणा, चिडचिड, आवाज नकोसा होणं हे बहुतेकांचं काही आठवड्यांत ओसरतं. घरच्यांनी एक लक्षात ठेवावं: हाताला प्लास्टर असलं की लोक दार उघडून देतात, डोक्यातल्या थकव्याला कुणी उघडत नाही.

थांबा: वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हापुन्हा उलट्या, झटका, उठवूनही न उठणारी झोप, बोलणं जड होणं, एका अंगाची शक्ती जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं: लगेच दवाखाना. वयस्कर माणसं आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणारे यांच्यात हे अपघातानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकतं, तेही मार किरकोळ असताना.

## टप्पा ९: झोप, भीती आणि रस्ता

ब्रेकचा आवाज आला की अंग आखडणं, डोळे मिटले की तोच क्षण दिसणं, गाडीत शेजारी बसून पायाने खोटा ब्रेक दाबणं. पहिल्या काही आठवड्यांत हे जवळपास सगळे सांगतात, आणि बहुतेकांचं हळूहळू उतरतं. पहिल्या दिवसांत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला अपघात पहिल्यापासून सांगायची सक्ती नको. "बोललं की मोकळं होशील" म्हणून कुणी मागे लागलं, तर घरच्यांनी विषय बदलावा. रुग्णाला स्वतःहून बोलायचं असेल तेव्हा मात्र ऐकावं.

महिना उलटूनही स्वप्नं, दचकणं, रस्ता टाळणं तसंच असेल किंवा वाढत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठा. आघातासाठीचे खास उपचार आहेत आणि ते चालतात. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

टाळलेली जागा रोज थोडी मोठी होत जाते. आधी तो चौक, मग तो रस्ता, मग रस्ताच. म्हणून पायऱ्या पाडा: थांबलेल्या गाडीत बसणं, मागच्या सीटवर छोटी फेरी, पुढच्या सीटवर, मग त्या चौकातून. प्रत्येक पायरी भीती थोडी उतरेपर्यंत, मगच पुढची.

## टप्पा १०: पुन्हा गाडी हातात घेण्याआधी

पायात प्लास्टर आहे, गुंगी आणणारी गोळी चालू आहे, किंवा मान पूर्ण वळत नाही, तोवर प्रश्नच नाही. पायाचं मोठं हाड मोडलं असेल तर वजन टाकायला लागल्यावर साधारण ६ आठवड्यांनी ब्रेक दाबायचा वेग पूर्ववत होतो असं मोजमापांत आढळलं आहे. लंगडत का होईना चालता येतंय म्हणजे गाडी चालवता येईल, असा हिशेब करू नका.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर उभ्या, बंद गाडीत बसा. शेजारच्या माणसाने मनाला येईल तेव्हा "थांब!" म्हणायचं आणि तुम्ही पाय उचलून ब्रेक पूर्ण दाबायचा, दहा वेळा. एकदाही पाय अडखळला किंवा दुखेल म्हणून आवरला गेला, तर आठवडाभराने पुन्हा. दुचाकी असेल तर ती उभी करून, दोन्ही बाजूंना कलली तरी पायावर तोलता येते का, ते आधी बघा. पहिली फेरी दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्याने, पंधरा मिनिटांची. सोबत गाडी चालवता येणारं कुणीतरी हवं, म्हणजे मध्येच नको वाटलं तर किल्ली त्याच्या हातात देता येते.